मूळ प्रत भिंतीआड, झेरॉक्स गावभर

२०१८ च्या मार्चमध्ये ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयाला मोठा दिलासा दिला. आधारची माहिती कितपत सुरक्षित आहे, असा वाद चालू होता. त्यांनी सांगितले की ती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतीआड आहे. हे ऐकून निदान महाराष्ट्राने तरी निर्धास्त झोपायला हवे होते. तटबंदीची मापे कानावर पडली की आम्हाला पुढचे प्रश्न सुचत नाहीत. चोर शिडी घेऊन येणार की पासवर्ड घेऊन, ही नंतरची गोष्ट. या दिलाशाच्या दोनच महिने आधी चंदीगडच्या ‘द ट्रिब्यून’ने बातमी छापली होती की ५०० रुपये मोजले तर या माहितीपर्यंत पोचता येते. आधार प्राधिकरणाने गळतीचा इन्कार केला आणि पोलिसांत तक्रार दिली. तक्रारीत नाव होते बातमीदाराचे.

भिंतीबद्दल माझे काही म्हणणे नाही. ती असेल, जाडही असेल. पण तिच्याआड आहे ती मूळ प्रत. झेरॉक्स सगळ्या बाहेर हिंडत आहेत.

कोणत्याही तहसील कचेरीसमोर जाऊन उभे राहा. झेरॉक्सच्या दुकानात काचेवर चिकटवलेला मोबाईल नंबर दिसेल आणि खाली लिहिलेले असेल, ‘प्रिंटसाठी या नंबरवर पाठवा’. लोक पाठवतात. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, मुलीची दहावीची मार्कशीट, आईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, बँकेचे पासबुक, एकाने तर वकिलाने लिहून दिलेला घटस्फोटाचा अर्ज. दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सॲप सकाळी उघडते ते रात्री शटर पडेपर्यंत तसेच असते. सगळे कागद ‘डाऊनलोड्स’मध्ये जाऊन पडतात, तिथून ‘न्यू फोल्डर (३)’मध्ये, आणि तो फोल्डर पुसायला त्या बिचाऱ्याला वेळ कुठे? रांग दारापर्यंत आलेली असते. गुगलला आपल्याबद्दल जे अंदाजाने कळते ते या माणसाला कागदोपत्री माहीत आहे. तरी त्याने आजवर कोणाला बुटांची जाहिरात दाखवली नाही की कोणाच्या रिपोर्टवरून औषध खपवले नाही. इतका सभ्य माहिती-साठेदार अख्ख्या सिलिकॉन व्हॅलीत मिळणार नाही. त्याचा हा चांगुलपणा हेच आपले आजचे माहिती-सुरक्षेचे राष्ट्रीय धोरण आहे, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे.

या धोरणाला एकदाच धक्का बसला. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने सूचना काढली की आधारची झेरॉक्स कोणत्याही संस्थेला देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो. द्यायचीच तर शेवटचे चार आकडे दिसतील अशी झाकलेली प्रत द्या. देशभर गहजब झाला. इतकी वर्षे वाटलेल्या प्रती आता परत मागायच्या कोणाकडे? माथेरानच्या लॉजवाल्याकडे, सिमकार्डवाल्याकडे, की डिपॉझिट बुडवून गेलेल्या एजंटाकडे? दोन दिवसांत केंद्राने ती सूचना मागे घेतली. तिचा चुकीचा अर्थ काढला जाऊ शकतो, असे कारण दिले, आणि नागरिकांनी नेहमीचे तारतम्य बाळगावे असे सांगितले. धोका होता तिथेच राहिला. जबाबदारी तेवढी प्राधिकरणाकडून तारतम्याकडे वर्ग झाली. तारतम्याचे कार्यालय कुठे आहे, हे मात्र सूचनेत नव्हते.

आता तारतम्याच्या जोडीला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला आहे. फार सावकाश आला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. मुंबई दंगलीच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला चांगले ठाऊक असलेले न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला. २०१९ मध्ये विधेयक आले, २०२२ मध्ये परत गेले, २०२३ च्या ऑगस्टमध्ये नव्या अवतारात मंजूर झाले. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांना तयारीसाठी त्यापुढे १८ महिने. म्हणजे तुमच्या-आमच्या वाट्याची मुख्य कलमे लागू व्हायला मे २०२७ उजाडेल. निकालापासून मोजली तर दहा वर्षे होत आली. एवढ्या वेळात झेरॉक्सवाल्याचा ‘न्यू फोल्डर (३)’चा ‘न्यू फोल्डर (३९)’ झाला असेल.

कायदा मी वाचला. माझी आवडती जागा अगदी सुरुवातीलाच आहे. हा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो, किंवा कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या माहितीला. नुसत्या कागदाला तो हात लावत नाही. त्यामुळे सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या वहीत दोरीला बांधलेल्या पेनाने तुम्ही नाव, फ्लॅट, मोबाईल आणि ‘कामाचे स्वरूप’ लिहिता, ती वही मोकळी. तुमच्या मागून येणारा माणूस तुमच्या वरच्या पाच ओळी निवांत वाचतो, तोही मोकळा. आणि ज्या कागदात भेळ बांधून मिळते, ज्याच्या आतल्या बाजूला चिंचेच्या चटणीतून कोणाचा तरी पॅन नंबर आणि पासपोर्ट आकाराचा फोटो दिसतो, तो कर्जाचा अर्जही कायद्याच्या कक्षेबाहेर. भेळवाल्याने फक्त पुड्याचा फोटो काढू नये, एवढी दक्षता पुरे.

दुसरी मोकळीक घरगुती वापराला. एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर कायदा तिकडे बघत नाही. वरवर हे शहाणपणाचेच आहे. भाच्याच्या बारशाचे फोटो पाठवायला संमतिपत्र कोण मागणार? पण हे कलम लिहिणाऱ्याने मराठी लग्नाचा बायोडाटा पाहिलेला दिसत नाही. वर गणपती, खाली जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मस्थळ, उंची, रक्तगट, रास, नक्षत्र, नाडी, कंपनीचे नाव, वार्षिक पॅकेज, गावाकडची शेती किती आणि त्यातली बागायत किती, पुण्यातला फ्लॅट स्वतःचा की कर्जाचा. आणि मग मामेकुळ. बँका ओळख पटवायला विश्वासाने जो गुप्त प्रश्न विचारत आल्या, की आईचे माहेरचे आडनाव काय, त्याचे उत्तर आम्ही स्वतंत्र ओळीत, ठळक टाइपात छापून, पीडीएफ करून, एकमेकांना कधी न भेटलेल्या पाचशे लोकांच्या वधू-वर ग्रुपवर टाकतो. खाली मामांचा मोबाईल नंबरही देतो, खात्री करून घ्यायला. हॅकर नावाचा प्राणी आमच्याकडे उपाशीच मरायचा. त्याला चोरण्यासारखे काही आम्ही ठेवलेलेच नाही.

मुलांची काळजीही कायद्याने घेतली आहे. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळून पाहिलेली संमती हवी. उत्तम. फक्त घराघरांत आज परिस्थिती अशी आहे की आजोबांचा ओटीपी नातू वाचतो, बाबांचा पासवर्ड मुलगी लक्षात ठेवते, आणि आईच्या फोनवर कुठलाही चौकोन उमटला की ती स्वयंपाकघरातून ओरडते, “अरे, काय म्हणतंय बघ आणि हो म्हण.” त्यामुळे पालकांची संमती मिळायला मुळीच अडचण येणार नाही. मुलगाच देईल.

संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायला मिळाली पाहिजे, अशीही तरतूद आहे. म्हणजे मराठीतही. मला याची सवय नसल्याने थोडी धडकी भरली आहे. आतापर्यंत इंग्रजीतली ४० पाने न वाचता आपण ‘सहमत’ दाबत होतो, त्याला निदान इंग्रजीचे निमित्त होते. यापुढे ‘सदर विदेच्या प्रक्रियणाच्या प्रयोजनार्थ’ अशी मातृभाषेतली ४० पाने न वाचता दाबावे लागेल.

आता पैशांचे बघू. कंपनीने हलगर्जीपणा केला, तुमची माहिती फुटली, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आकडा ऐकून तुम्ही मनात हिशेब सुरू केला असेल, तर थांबा. तो पैसा जातो भारताच्या एकत्रित निधीत. तुम्हाला काही मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ४३अ कलमाखाली निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येते. ते कलम वगळण्याची सोय या कायद्याने केली आहे. उलट, तुमची तक्रार खोटी किंवा उथळ ठरली तर तुम्हालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार ऐकायला मंडळ आहे, त्यात चार सदस्य. देश १४० कोटींचा. प्रत्येक सदस्याच्या वाट्याला ३५ कोटी लोक आले तरी तक्रार करणाऱ्याची छाती बघता काम फार नसावे.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येते. पण कोणते कलम कधी लागू झाले, हे बघितले की हसू अडकते. कंपन्यांनी आपली माहिती जपावी, या कलमांना १८ महिन्यांची सवड आहे. एका कलमाला मात्र एका दिवसाचीही सवड लागली नाही. नियम निघाले तेव्हाच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, ते अमलात आले. या कलमाने माहिती अधिकार कायद्यातले ८(१)(जे) बदलले. आधी तिथे तोल होता. माहिती वैयक्तिक असेल आणि तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तर ती नाकारता येई, व्यापक जनहित असेल तर द्यावी लागे, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नाही, असे त्यात लिहिलेले होते. आता ते सगळे काढून टाकले. उरली नुसती ‘वैयक्तिक माहिती’. सरकार सांगते की जनहितासाठी कलम ८(२) शाबूत आहे. आहे, खरेच आहे. जनहित जड की गुप्तता जड, हे मात्र ज्याच्या कपाटात फाइल आहे त्याच कार्यालयाने तोलायचे.

केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी माहिती अधिकाराचा आपला कायदा करून घेणारे हे राज्य. अण्णा हजारे यांनी त्यासाठी उपोषणे केली. कुलाब्यातल्या ‘आदर्श’ सोसायटीत कोणाकोणाचे नातलग राहायला येणार होते, ते माहिती अधिकाराचे अर्ज करकरून बाहेर आले आणि २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. सदनिकाधारकांची ती यादी आज कोणी मागितली तर? नावे, नाती, उत्पन्नाचे दाखले. याहून वैयक्तिक काय असते? २०१० च्याच जानेवारीत तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी यांना सकाळी फिरायला गेले असताना गाठून ठार मारले. जमिनींचे गैरव्यवहार ते माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. अर्ज करणारा कोण आणि राहतो कुठे, हे ज्यांना कळायला नको त्यांना आपल्याकडे नेहमीच वेळेवर कळत आले आहे.

तेव्हा गावच्या खचलेल्या रस्त्याबद्दल उद्या तुम्ही अर्ज केलात, तर येणाऱ्या उत्तराचा नमुना आताच देऊन ठेवतो. जावक क्रमांक तेवढा कार्यालय घालील.

‘विषय : रस्त्याच्या कामाची माहिती मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, ठेकेदाराचे नाव, अदा केलेल्या देयकाची रक्कम व काम तपासणाऱ्या अभियंत्याची स्वाक्षरी ही संबंधितांची वैयक्तिक माहिती असल्याने आपणास देता येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. प्रत : अर्जदाराचा अर्ज, घरचा पत्ता, मोबाईल क्रमांक व आधारच्या झेरॉक्ससह, संबंधित ठेकेदारास माहितीस्तव रवाना.’