मूळ आकडा किती होता?

म्हसळ्यात रिक्षा बंद पडली तर दोन माणसं जमतात, एक ढकलायला आणि एक सांगायला. लाकूड कोरणारं सीएनसी मशीन गचके खाऊ लागलं की ढकलायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे जमलेले सगळे सांगायलाच मोकळे असतात.

मशीन माझ्या मेव्हण्याचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा या पट्ट्यातली कौलं, पत्रे, चौकटी, खिडक्या जागेवर राहिल्या नाहीत, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि सुतारांना मान वर करायला फुरसत उरली नाही. काम ढीगभर आणि हाताखाली माणूस नाही, कारण पोरं सगळी मुंबईला. तेव्हा मेव्हण्याने कर्ज काढलं आणि पुण्याकडून तीन अक्षांचं जुनं राउटर आणलं. ते ताम्हिणी उतरून, माणगाव करून, घोणसे घाटाची वळणं घेत टेम्पोतून आलं. गचक्यांची सवय त्याला तिथेच लागली, असं मेव्हण्याची बायको पहिल्या दिवसापासून म्हणत होती. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. ही गोष्ट वाचकांनी जरा लक्षात ठेवावी.

त्या मशीनवर सकाळी देव्हाऱ्याची प्रभावळ कोरली जाते आणि दुपारी दुबईत कमावलेल्या पैशांतून उठणाऱ्या एखाद्या बंगल्याची अष्टकोनी जाळी. मशीनला दोन्हींतला फरक कळत नाही. त्याचं शहाणपण एक्स, वाय आणि झेडपुरतं.

मी भोसरीत मेंटेनन्सला आयुष्य काढलेला माणूस. त्यामुळे सासुरवाडीला माझं स्वागत हल्ली ॲलन कीच्या संचाने होतं. ऐन जुलैत फोन आला, “भावोजी, एक्स झटके मारतोय. घावण्यांचा बेत आहे.” दोन वाक्यांमध्ये श्वास घेतला नव्हता.

पोचलो तेव्हा नमुन्याला कोरलेला एक गोल भिंतीला टेकवून ठेवला होता. गोल बरा होता, पण उजवीकडे आणि डावीकडे, म्हणजे घड्याळात ३ आणि ९ असतात तिथे, एकेक स्पष्ट खोच पडलेली. १२ आणि ६ ला काही नाही. प्रभावळीची ऑर्डर देणारे भटजी तो गोल निरखत होते. त्यांच्या मते ही उगवती आणि मावळती होती आणि मशीनला ते आपोआप सुचलं असेल तर राहू द्यायला हरकत नव्हती. मी त्यांना सांगितलं, की गोल कापताना एक्स अक्ष नेमका ३ आणि ९ वर दिशा बदलतो, वाय १२ आणि ६ वर. ज्या अक्षात ढिलाई असते तो दिशा बदलताना क्षणभर रेंगाळतो आणि लाकडावर सही करून जातो. सही एक्सची होती. भटजींनी मान डोलावली, पण उगवतीचा मुद्दा सोडला नाही.

आता सल्लागार मंडळ. वायरमनचं निदान कायम एकच असतं: अर्थिंग. तसं बघितलं तर माणूस चुकीचा नाही. इथे जांभ्याचा कातळ, त्यात अर्थिंग नीट मिळणं कठीण. मीठ-कोळसा घालून खड्डा केला तरी उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, आणि स्पिंडलच्या ड्राइव्हचा विजेचा गोंगाट एन्कोडरच्या तारेत शिरला की अक्ष खरोखरच पिसाळतो. म्हणून हा गृहस्थ आठवड्याला खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो. भर जुलैतही ओततो. त्या महिन्यात म्हसळ्याच्या जमिनीला बाहेरून पाणी घालणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. मी स्पिंडल बंद ठेवून एक्स चालवला, मग स्पिंडल सुरू करून चालवला. झटके दोन्ही वेळा तसेच. अर्थिंग निर्दोष सुटलं, पण वायरमनने निकाल मान्य केला नाही.

डिझाइन करणाऱ्या पोराचं म्हणणं, फाईलमध्ये पॉइंट फार आहेत. तेही अगदीच हवेतलं नव्हतं. नक्षीच्या फाईलमध्ये हजारो बारीक तुकडे असतात. जी-६१ चालू राहिलं असेल तर मशीन प्रत्येक तुकड्याच्या टोकाला थांबून पुढे निघतं, जी-६४ दिलं की न थांबता वळतं. पण इथे फाईल न लावता, नुसतं बटण दाबून सावकाश जॉग केलं तरी एक्स उड्या मारत होता. फाईलही सुटली. पोरगं म्हणालं, “मग एकदा रीस्टार्ट करू.” त्याच्या पिढीचा तो धन्वंतरी.

तिसरे सल्लागार फोनवर होते. मशीन विकणाऱ्यांचे इंजिनीअर. त्यांनी मशीन न बघता, प्रश्न न विचारता, वाक्य पुरं व्हायच्या आत सांगितलं होतं, “गेन वाढवा.”

हा गेन म्हणजे काय ते सांगायला मला राजपुरी खाडीतली होडी लागते. खाडीचा एक फाटा म्हसळ्याकडे आत शिरलेला आहे आणि त्या पाण्यावर जन्म काढलेले एक म्हातारे तांडेल दुपारचे वर्कशॉपमध्ये येऊन बसतात. सिद्दीच्या गलबतांवर आपले पूर्वज सुकाणूला होते असं ते सांगतात. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झालं नसतं तर आपल्याला पेन्शन बसली असती, असंही सांगतात. त्यांना मी विचारलं, नवखा माणूस सुकाणूवर बसला तर काय होतं? ते म्हणाले, “काय व्हायचंय? नाक जरा उजवीकडे गेलं की गडी घाबरून सुकाणू पुरतं मारतो. मग नाक डावीकडे. मग परत. होडी नागमोडी चालते नि बसलेले ओकतात.”

गेन जास्त झाला की नेमकं हेच होतं. ड्राइव्हला हुकूम असतो एका जागी जायचा, एन्कोडर सांगतो दुसऱ्या जागी आहोत. या फरकावर मोटरने किती जोरात धावून जायचं तो आकडा म्हणजे गेन. कमी ठेवला तर अक्ष मागे रेंगाळतो आणि कोपरे गोल होतात. फार वाढवला तर मोटर गुणगुणते, मग घुमते, मग अख्खी गॅन्ट्री थरथरते. बसलेले ओकत नाहीत, एवढाच फरक.

ही होडीची उपमा मी पदरची काढलेली नाही. ‘सर्व्हो-मोटर’ हे नाव फार्को नावाच्या फ्रेंच इंजिनीअरने १८७३ च्या पुस्तकात छापलं ते जहाजाचं सुकाणू फिरवणाऱ्या यंत्रासाठी. पुढे १९२२ साली निकोलस मिनोर्स्की या रशियातून अमेरिकेत गेलेल्या माणसाने मुरलेल्या सुकाणूवाल्यांच्या वागण्याचं गणित मांडलं. असा माणूस फक्त जहाज आत्ता किती वळलंय एवढंच बघत नाही. नाक किती वेगाने वळतंय ते बघून आधीच हात आवरतो, आणि वारा मघापासून एकाच बाजूला रेटतोय हेही ध्यानात धरतो. आज जगातल्या बहुतेक सर्व्हो ड्राइव्हच्या पोटात याच हिशोबाची कुठली ना कुठली आवृत्ती आहे. मिनोर्स्कीचं यंत्र ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर चालवून पाहिलं. चाललं छान, पण खलाशांना रुचलं नाही आणि नौदलाने ते तेव्हा ठेवून घेतलं नाही. तांडेलांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आमचंच चोरलंन की!”

तर फोनवरच्या सल्ल्याप्रमाणे मेव्हण्याने गेन वाढवला होता. झटके कमी झाले नाहीत म्हणून पोराने आणखी वाढवला. मोटर घुमायला लागली म्हणून वायरमनने, अर्थिंगचा माणूस असूनही, थोडा कमी केला. मेव्हण्याचे सासरे सहज आले होते, त्यांनीही काहीतरी दाबलं.

मी विचारलं, “मूळ आकडा किती होता?”

वर्कशॉपचे पत्रे किती गंजलेत हे त्या क्षणी सगळ्यांनी प्रथमच बारकाईने पाहिलं.

माझं याबाबत एक पक्कं मत आहे आणि भोसरीत त्यापायी मी अप्रियही होतो. गेनला हात लावणं सर्वांत सोपं असतं म्हणून माणसं आधी तिथे हात घालतात. बटण दाबलं की आकडा बदलतो, कपडे काळे होत नाहीत. खालचं झाकण काढून उताणं झोपायचं, भुशात डोकं घालायचं आणि बॉल स्क्रूला हात लावून बघायचा, हे काम कोणालाच नको असतं. ट्युनिंग शेवटी करायचं असतं. आधी लोखंड बघायचं.

मी सर्व्हो चालू ठेवला, म्हणजे मोटर आपल्या जागी घट्ट धरून बसली, टेबलाला डायल लावला आणि सर्वांच्या देखत गॅन्ट्री हाताने ढकलली. मोटर तसूभर हलली नाही. डायलचा काटा मात्र पाव मिलिमीटर गेला आणि सोडल्यावर परत आला. (ढकलायला काहीतरी होतंच म्हणायचं.) एन्कोडर बसवलेला असतो मोटरच्या शेपटीला, त्याला मोटर कळते, टेबल कळत नाही. मोटर बिचारी हुकमाबरहुकूम जागेवर होती. तिचा गेन दुप्पट केला काय आणि चौपट केला काय, पुढची ढिलाई तिला दिसणारच नव्हती.

मग वीज बंद करून स्क्रू हाताने फिरवून पाहिला. काही ठिकाणी मऊ, काही ठिकाणी इतका जड की मनगट वळेना. कारण उघड होतं. एम.डी.एफ.चा पिठासारखा भुसा, जुनं ग्रीस आणि खाडीची दमट खारी हवा यांचा नटमध्ये चिकट लगदा झाला होता. अशा नटमधून अक्ष सावकाश चालवला की तो आधी चिकटून बसतो, ड्राइव्ह जोर वाढवत नेतो, मग एकदम सुटून पुढे उडी मारतो, की पुन्हा चिकटतो. झटके तिथून येत होते. आणि गोलावरच्या खोचा येत होत्या स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगमधून. त्याचा लॉक नट ढिला झाला होता आणि दिशा बदलली की अख्खा स्क्रू मागेपुढे सरकत होता. नट ढिला कशाने झाला? लांबच्या प्रवासात हादरे बसून होतो तसा. वहिनी दारातून म्हणाल्या, “घोणसे घाट.” त्यांनी आणखी काहीही म्हटलं नाही, आणि ते मेव्हण्याला जास्त लागलं.

स्क्रू रॉकेलने धुतला, नटातला लगदा काढला, नवं ग्रीस भरलं, लॉक नट आवळून त्याचा बारीक ग्रब स्क्रू बसवला. राहता राहिला गेन. पॅनलच्या दारावर काही लिहिलेलं नव्हतं, मॅन्युअल नावाची वस्तू पुण्याहून निघालीच नव्हती. तेव्हा वहिनी आत गेल्या, मांडणीवरचे स्टीलचे डबे खाली घेतले आणि त्यांच्याखाली अंथरलेलं जुनं कालनिर्णयचं पान घेऊन आल्या. मशीन बसवायला आलेला मुलगा ड्राइव्हमधले आकडे मोठ्याने वाचत होता, तेव्हा त्यांना वाटलं तो फोन नंबर सांगतोय, म्हणून त्यांनी त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवले होते. पोझिशनचा, वेगाचा, सगळे. त्याच चौकटीत दूध दोन लिटर. हळदीचा एक डाग होता, पण आकड्यांवर नव्हता.

ते आकडे भरले. मग आतल्या फेऱ्यापासून सुरुवात. आधी वेगाचा गेन, मग पोझिशनचा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरवर आणि मूठ कानाला लावून थोडा थोडा वाढवत गेलो. गुणगुण सुरू झाली की मागे यायचं आणि तिथून आणखी थोडं मागे. या कामात पोराने चांगले कान लावले. पोरगं तयार होईल, फक्त त्याचा रीस्टार्टवरचा विश्वास उडायला हवा.

पुन्हा गोल कोरला. ३ आणि ९ ला बोट फिरवलं, काही लागलं नाही. भटजींनी तो हातात घेऊन “आता साधाच दिसतो” असं म्हटलं. वायरमनने सांगितलं, की सकाळी खड्ड्यात जरा जास्तच पाणी घातलं होतं, त्याचा गुण दुपारी येतोच. फोनवरच्या इंजिनीअरला मेव्हण्याने कळवलं, तेव्हा ते म्हणाले, “बघा, मी म्हटलं नव्हतं, गेनचाच प्रश्न?”

ज्या वाचकांकडे असं मशीन आहे त्यांना माझी विनंती आहे: ड्राइव्हमधले सगळे आकडे आजच वहीत उतरवून ठेवा, लॉक नट आवळून त्याच्यावर रंगाची एक रेघ मारून ठेवा, म्हणजे तो फिरला तर दिसेल, आणि पावसाळ्याच्या आधी स्क्रू पुसा. एवढं करूनही एक्सने झटके मारले तर अवश्य फोन करा. दुपारी एक ते चार मात्र नको, मी झोपलेला असतो.