रेड अलर्ट आणि हिरवा ठिपका

१९ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत रेड अलर्ट होता. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांना सुट्टी जाहीर झाली आणि खासगी कार्यालयांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगावं, असं महापालिकेने कळवलं. हेतू चांगलाच होता. मिठी नदीने धोक्याची पातळी ओलांडली होती, कुर्ल्याच्या क्रांतीनगरातून लोकांना हलवावं लागलं, संध्याकाळी म्हैसूर कॉलनीजवळ मोनोरेल अडकली आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून शेकडो प्रवाशांना खाली उतरवलं. अशा दिवशी माणसं रस्त्यावर नसलेलीच बरी. माझी तक्रार त्यापुढची आहे. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर राहणाऱ्या दोघांपैकी सरकारी नोकरीतल्याला सुट्टी आणि खासगीतल्याला दहाची मीटिंग, हे मला पटलेलं नाही.

‘घरून काम करा’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यापुढे तुंबलेला रस्ता आणि बंद पडलेली लोकल असते. घरात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. पाणी चढू लागलं की तळमजल्यावरच्या मीटरच्या पेट्यांचा धोका ओळखून वीज तोडली जाते. ती तोडावीच लागते, नाहीतर शॉक लागून माणसं मरतात. लाइट गेली की ऑफिसातून हमखास विचारतात, ‘इन्व्हर्टर नाही का?’ आहे ना. राउटरचे दिवेही लागलेले असतात. पण केबलवाल्याचा स्विच शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली असतो आणि तिथेही लाइट नसते. मग मोबाइलचं हॉटस्पॉट. तेव्हा अख्खी वस्ती एकाच टॉवरवर आलेली असते आणि तो टॉवरही बॅटरीवर चाललेला असतो. बॅटरी काही तासांची. पुढे डिझेल पोचलं तर जनरेटर. हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगायला लागतो, तोवर माझाच आवाज तुटतो आणि ‘नेटवर्क इश्यू’ असं म्हणून पुढचा मुद्दा सुरू होतो. ते दोन शब्द उच्चारताना बऱ्याच जणांच्या आवाजात जो संशय असतो, त्याचा मला मनापासून राग येतो.

सकाळी एचआरचा फॉर्म येतो. पहिला प्रश्न : आपण सुरक्षित आहात का? दुसरा प्रश्न : आज लॉग इन करू शकाल का? दुसऱ्यापुढे लाल चांदणी असते, म्हणजे उत्तर द्यावंच लागतं. पहिल्यापुढे ती नसते. पहिल्याला ‘नाही’ म्हटलं तरी पुढे काही होत नाही, कोणाचा फोन येत नाही. दुसऱ्याला ‘नाही’ म्हटलं की मात्र दहा मिनिटांत फोन येतो.

मग पुरावा. वरिष्ठ दुसऱ्या शहरात बसलेले असतात, त्यांच्या खिडकीत ऊन असतं. ‘फोटो टाकून ठेवा, रेकॉर्डला लागेल’ म्हणतात. फोटोसाठी जिना उतरून पाण्यापाशी जावं लागतं, आणि साचलेल्या पाण्यात उतरू नका असं पालिका सकाळपासून बजावत असते. वर्षानुवर्षं एका ठिकाणी इमानाने काम केलेल्या माणसाकडे आपल्याच दारातल्या पाण्याचा फोटो मागणं हा अपमान आहे. तो अपमान नेहमीचा झाला आहे, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे आम्ही मुकाट्याने फोटो पाठवतो.

आणि ऑफिसच्या चॅटवर आपल्या नावापुढचा तो हिरवा ठिपका. काही मिनिटं माउस हलला नाही की तो पिवळा होतो. गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या आजींच्या घरात पाणी शिरायला लागलं तेव्हा आम्ही तिघाचौघांनी त्यांचा सिलिंडर ओट्यावर ठेवला, तांदळाचा डबा माळ्यावर चढवला, खालच्या कप्प्यातली कागदपत्रं आणि औषधांची पिशवी वर आणली. परत आलो तर स्क्रीनवर संदेश : ‘आहेस का?’ त्याखाली पुन्हा : ‘हॅलो?’ त्या अर्ध्या तासाइतकं गरजेचं काम मी त्या दिवशी दुसरं केलं नव्हतं. पण हजेरीत तो अर्धा तास ‘अवे’ म्हणून लागला.

ज्या घरात लहान मुलं आहेत, तिथे हाल अधिक. शाळा बंद, कामाला येणाऱ्या मावशी त्यांच्याच घरातलं पाणी उपसताहेत, पंप बंद म्हणून गच्चीवरची टाकी रिकामी. हे सगळं बहुतेक ठिकाणी बाईच निस्तरते, आणि कॅमेरा चालू ठेवून निस्तरते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री हजारो माणसं कचेऱ्यांत अडकली, हजारो रुळांवरून चालत घरी गेली. तो काळ चांगला होता असं मी म्हणणार नाही. त्या पावसाने शेकडो जीव घेतले. पण जो कसाबसा घरी पोचला, त्याला दुसऱ्या दिवशी ‘फाइल कुठवर आली?’ असं कोणी विचारलं नाही. ती मुभा मार्च २०२० नंतर गेली. लॅपटॉप घरी आला आणि पूर ही कामाच्या आड येणारी गोष्टच उरली नाही. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. टाळेबंदीत गावी गेलेली नोकरदार मुलं तेव्हा घराचे पत्रे आणि कौलं गोळा करत होती, आणि रेंजसाठी टेकडीवर जाऊन ‘उद्या नक्की देतो’ म्हणून सांगत होती.

मोठ्या कंपन्या आपला डेटा एका शहरावर अवलंबून ठेवत नाहीत. इथला सर्व्हर बुडाला तर दुसरीकडचा चालू राहावा, याची तजवीज असते आणि वर्षातून एकदोनदा तिची तालीमही होते. माणसाच्या कामाची अशी तजवीज करायला काय हरकत आहे? मुंबईतल्या माणसाची त्या दिवशीची तातडीची कामं नागपूरच्या किंवा हैदराबादच्या सहकाऱ्याने उचलावीत, तिकडे संकट आलं की इकडून फेड करावी. बाकीची मुदत एक दिवस पुढे ढकलावी. बहुतेक कामांना एका दिवसाने काही होत नाही, हे प्रत्येक मॅनेजरला ठाऊक असतं. आज होतं ते उलट : अर्धा दिवस रजेतून कापला जातो, नाहीतर शनिवारी भरून काढायला सांगतात. त्या शनिवारी भिजलेल्या गाद्या वाळवायच्या असतात.

पाऊस जूनमध्ये येणार हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून माझी मागणी मे महिन्यातली आहे. रजेच्या नियमांत एक कलम घालावं : ज्या जिल्ह्यात रेड अलर्ट आहे, तिथल्या कर्मचाऱ्याची त्या दिवसाची हजेरी पूर्ण पगारी धरावी, दिवस भरून मागू नये आणि फोटो मागू नये. कंत्राटी मुलांना, हाउसकीपिंगच्या बायकांना आणि गेटवरच्या वॉचमनलाही ते लागू असावं, कारण त्यांना तर घरून काम करण्याचीही सोय नाही.