चालते ना, मामा!

आमच्या यवतमाळात कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर पुरतं: ‘चालते.’ तब्येत? चालते. धंदा? चालते. बोअर? चालते, म्हणजे अर्ध्या तासानं गाळ ओकते. त्यामुळे परवा भाच्याने ‘मामा, अ‍ॅलन वेक 2 आपल्या कार्डावर चालते’ असं सांगितलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

कार्ड म्हणजे संगणकाचं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स 1060. जन्मसाल 2016, नागपुराहून सेकंडहँड आणलेलं. खेळ 2023 चा. कंपनीच्या यादीत ‘किमान’ म्हणून आरटीएक्स 2060 लिहिलेलं. या खेळातलं रान, घरं ज्या ‘मेश शेडर’ नावाच्या पद्धतीनं पडद्यावर उभी राहतात, ती या जुन्या चिपला येतच नाही. मार्च 2024 मध्ये कंपनीला पाझर फुटला आणि एक अपडेट आलं. तेव्हापासून जुन्या कार्डांना निदान मांडवाच्या दाराशी उभं राहू देतात.

मी बघायला गेलो. बाहेर 44 अंश. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढलेलं आणि घरातल्या एकुलत्या एक कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलेलं. आजी दाराशी पदरानं वारा घेत बसलेली.

“कार्ड 83 अंशांवर गेलं का स्वतःच हळू होते,” भाचा म्हणाला.

“आजी त्याच्याआधीच झाली,” मी म्हणालो.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता 18. म्हणजे सेकंदाला अठरा चित्रं. नायक पाऊल उचलायचा, विचार करायचा, मग टेकवायचा. पावसाचे थेंबही हप्त्याहप्त्यानं पडत होते.

“इतकंही कसं जमवलं?”

“सगळं लो केलं ना. सावल्या लो, धुकं लो. चित्र लहान काढते अन् ताणून पडदाभर करते.”

हे तंत्र मला नवं नव्हतं. दोन धुऱ्यांवर उभं राहून गावभराचा पंचनामा होताना मी पाहिलेला आहे. नवी कार्डं तर पुढची निघाली. दोन खऱ्या चित्रांच्या मधे एक चित्र स्वतःच रचून घुसडतात आणि आकडा फुगवतात. आपल्याकडे ही सोय संगणक यायच्या आधीपासून आहे, फक्त तिला ‘फ्रेम जनरेशन’ न म्हणता ‘अहवाल’ म्हणतात.

जुन्या यंत्राकडून काम काढून घेण्यात आमचा हात कोण धरणार? मँचेस्टरला 1921 साली घडवलेलं वाफेचं इंजिन आमची शकुंतला रेल्वे एप्रिल 1994 पर्यंत ओढत होतं. डिझेल इंजिन आल्यावरही शकुंतला घाईला लागली नाही. ब्रॉडगेज फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत आली. लोडिंगची पट्टी पुढे सरकते यावर आमचा विश्वास आहे, कारण अविश्वास ठेवून करणार काय?

‘किमान’ शब्दाशीही आमची जुनी ओळख. लांब धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत 2025-26 ला क्विंटलमागे 8,110 रुपये. बरं नवं कार्ड तीसेक हजारांचं. म्हणजे चार क्विंटल कापूस घातला की पडद्यावर पाऊस न अडखळता पडतो. खऱ्या पावसाचं अपडेट अजून कोणी काढलेलं नाही. खेळांच्या यादीत ‘किमान’च्या शेजारी ‘शिफारस’ नावाचा एक श्रीमंत रकाना असतो. तो बहुधा पुण्यापर्यंत येतो आणि तिथूनच परत फिरतो.

“गोष्ट काय आहे रे खेळाची?”

“हा माणूस लेखक आहे, मामा. तेरा वर्षं झाली, अंधारात अडकून पडला.”

“भारनियमन?”

“नाही हो! लिहून लिहून बाहेर निघाले पाहते.”

“निघते का?”

त्यानं कोपऱ्यातल्या 18 कडे पाहिलं. “या कार्डावर अजून तेरा लागतील.”

तेवढ्यात ताईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “काहो दादा, नवीन कार्ड घ्याच लागते का याले?”

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कापूस विकल्याच्या तारखेला ताईनं पेनानं गोल केला होता. त्याच्यापुढची तीन पानं उलटली होती, चुकारा अजून यायचा होता. पडद्यावर नायक एक पाय हवेत धरून थांबला होता.

“काही नाही लागत,” मी ओरडून सांगितलं. “चालते ना, ताई!”