गमबूटकाका

गमबूटकाका हा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या बाजारपेठांत मे महिन्याच्या अखेरीस आढळणारा, साठी ओलांडलेला, मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेला गृहस्थ होय. मृग लागायच्या आधी दुकानदार छत्र्या आणि ताडपत्र्या बाहेर मांडतात, गमबुटांचे जोड सुतळीने बांधून दारावर टांगतात, आणि त्याच आठवड्यात काकाही दारात उभा राहतो. तो विकत काही घेत नाही. त्याच्याकडे बूट आहेत. दुसऱ्याने पसंत केलेला जोड चुकीचा आहे हे सिद्ध करणे, एवढेच त्याचे हंगामी काम.

त्याची ओळखीची खूण म्हणजे दोन बोटे. गिऱ्हाइकाने बुटात पाय घातला रे घातला, की काका खाली वाकतो, तर्जनी आणि मधले बोट टाचेमागे खुपसतो आणि तसाच वाकलेला वर बघून विचारतो, "जातात ना दोन बोटं?" गिऱ्हाईक ओळखीचे असण्याची अट नाही. पाय धुतलेला असण्याचीही नाही. एका घाईच्या गिऱ्हाइकावर तर "काकानू, आदी बोटां काडा, मगे पाय घालतंय," असे सांगायची पाळी आली होती. एका लग्नात नवरदेव कानपिळीला बसला असता काकाने त्याच्या मोजडीत बोटे घालून पाहिली आणि "घट्ट आहे, संध्याकाळपर्यंत फोड येणार," असे जाहीर केले. फोड आला. त्या दिवशी काकाला स्वर्ग दोन बोटे उरला होता. तिथेही त्याने ती घालून पाहिली असतील.

इतिहासाच्या बाबतीत काका भरवशाचा नाही. गमबुटाला इंग्रज वेलिंग्टन म्हणतात हे त्याला ठाऊक आहे, आणि वेलिंग्टन आपल्याकडे लढून गेला हेही ठाऊक आहे. या दोन गोष्टींची गाठ मारून तो सांगतो, की असईच्या लढाईत साहेबाचे बूट चिखलात रुतले आणि तिथेच त्याला ही कल्पना सुचली. आता जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली हे खरे. आर्थर वेलस्लीने आधी कैलना नदी ओलांडली हेही खरे. समोरासमोर दोन काठांवर दोन गावे दिसतात, त्या अर्थी मध्ये उतार असणारच, एवढ्या अंदाजावर तो पाण्यात शिरला. पण तेव्हा तो वेलिंग्टन नव्हता. ड्यूक झाला १८१४ साली, आणि लंडनच्या होबी नावाच्या चांभाराने गोंडे काढून पायाला बेताचा बसणारा बूट त्याला करून दिला तो त्याच काळात. शिवाय तो बूट वासराच्या कातड्याचा. लावणीच्या शेतात तो आठवडाभरही टिकला नसता.

रबराचा प्रवेश नंतरचा. कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. गंधक घालून तापवले की ते दोन्ही ऋतू सोसते, या शोधाचे अमेरिकी पेटंट चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्ये मिळाले. हायरम हचिन्सन नावाच्या अमेरिकनाने १८५३ मध्ये फ्रान्समध्ये रबरी पादत्राणांचा कारखाना काढला, तो शेतकऱ्यांच्या पायांवर नजर ठेवून. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या पाण्याने सैनिकांचे पाय सडू लागले, तेव्हा एडिंबरोच्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने ११ लाखांहून अधिक जोड सैन्याला पुरवले. पाय सडण्याचा तो रोग म्हणजे आपल्याकडच्या चिखल्यांचा युरोपातला भाऊबंद. ही सगळी हकिकत काकाला सांगितली तर तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "तेच म्हणतोय मी. असईला सुरुवात झाली."

मालाच्या बाबतीत मात्र त्याचे ऐकावे. बाजारात मुख्यतः दोन जाती असतात: रबराचा बूट आणि पीव्हीसीचा. काका आधी बुटात नाक घालतो. रबराला रबराचा वास येतो, पीव्हीसीला दुकानाचा. मग तो नळी मुठीत चुरगळून सोडतो. चांगले रबर अंग झाडून सरळ होते, हलक्या पीव्हीसीवर घडी उमटून राहते, आणि पुढे पाऊल जिथे दुमडते तिथेच तडा जातो. पीव्हीसी स्वस्त, साच्यातून एकसंध निघालेला, म्हणून नवा असताना गळत नाही. पण भोक पडले की प्रश्न येतो. रबरी बुटाला सायकलच्या दुकानातला पंक्चरवाला ठिगळ लावून देतो, पीव्हीसीवर त्याचे सोल्युशन धरत नाही. म्हणून "बूट घेण्याआधी पंक्चरवाल्याला विचारा," हे काकाचे म्हणणे ऐकायला विचित्र असले तरी बिनचूक आहे. उलट बाजूही आहे: तेल आणि चरबी रबराला मानवत नाही, ते फुगते. मासळीच्या धक्क्यावर किंवा डेअरीत नायट्राइल मिसळलेला पीव्हीसी बरा. रबरी बुटांसाठी आयएस ५५५७ आणि पीव्हीसीच्या बुटांसाठी आयएस १२२५४ ही भारतीय मानके आहेत. तो क्रमांक बुटावर शोधावा. काका तो चष्मा काढून शोधतो, त्यामुळे वेळ लागतो.

एकदा एका शेतकऱ्याने नवा जोड परत आणला. बुटावर पांढरी बुरशी आल्याची त्याची तक्रार होती. काकाने बोट फिरवले (यावेळी एकच), ती पांढरी भुकटी पुसली आणि पाऊण तास व्याख्यान दिले. चांगल्या रबरातले मेण आणि गंधक हळूहळू वर येतात, त्याची ती साय असते. ती दोष नव्हे. शेतकरी बूट घेऊन गेला, आणि दुकानदाराने काकाला पहिल्यांदा स्वतःहून चहा सांगितला.

पोलादी टोपीचे बूट काका सर्वांनाच सुचवतो. त्या टोपीने २०० जूलचा आघात सोसायचा असतो, म्हणजे साधारण २० किलोचे वजन मीटरभर उंचीवरून पायाच्या बोटांवर पडले तरी चालते. बांधकामावर ते हवेच. भातशेतीत त्याने फक्त पाय जड होतो. हे काकाला पटले नव्हते, शेवटी एका माडवाल्याने सांगितले, "काकानू, नारळ डोक्यार पडता, पायार नाय."

आता मापाचा प्रश्न. येथे काकाची दोन बोटे हा शास्त्रीय विषय होतो. गमबुटाचा नंबर इंग्रजी पद्धतीचा असतो; एका नंबरात सुमारे साडेआठ मिलिमीटरचा फरक, आणि गमबुटात अर्धे नंबर बहुधा येत नाहीत. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय सुजतो. जो मोजा घालून काम करायचे तोच घालून घ्यावे. पाऊल पुढे सरकवून बोटे टोकाला टेकवावीत आणि टाचेमागे जागा बघावी. येथवर काका बरोबर. पण दोन बोटे घालायची ती कशी? शेजारी-शेजारी घातली तर जागा एकाच बोटाच्या जाडीची, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आसपास निघते, आणि ती योग्य आहे. एकावर एक घातली तर तीन सेंटिमीटर, म्हणजे जवळपास दोन नंबर जादा. काका वर्षानुवर्षे माणसांना बूट बसवत आला आणि त्याने हे कधीही स्पष्ट केले नव्हते. एका निवृत्त गणितशिक्षकाने भर दुकानात विचारले, "आडवी की उभी?" काकाने स्वतःच्या हाताकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी तो बाजारात आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "टाचेला शेजारी-शेजारी, पोटरीला एकावर एक." हा निर्णय मात्र खरोखर योग्य आहे. पोटरीशी एवढी ढील असली की विजार आत खोचता येते आणि पाय निघतो. त्याहून जास्त असली की वरून चिखल आत येतो आणि चालताना नळी पोटरीवर थपडा मारते.

तळव्याचे दात खोल आणि एकमेकांपासून लांब असावेत. बारीक नक्षीचा तळवा दहा पावलांत चिखलाने भरतो आणि त्यानंतर त्याच्यात व पाटीत फरक उरत नाही.

चिखल बूट ओढून घेतो तो खालून हवा शिरायला वाव नसल्यामुळे. पाय सरळ वर उपसला तर बूट खाली राहतो आणि मोजा वर येतो. आधी टाच सोडवावी, पाऊल किंचित वळवावे, हवेला वाट द्यावी. काका हे पेठेतल्या कोरड्या फरशीवर फार चांगले करून दाखवतो. एका आषाढात त्याने ते चिखलणी केलेल्या वाफ्यात करून दाखवायचे ठरवले. लावणीच्या बायका तरवा हातात घेऊन थांबल्या. काका तीन पावले गेला. चौथे पाऊल मोज्याचे होते. बूट नंतर दोघींनी मिळून उपटले. त्यांच्या हसण्याने मेरेवरचे बगळे उडाले. बाहेर आल्यावर काकाचा अभिप्राय असा: "नंबर बरोबर होता. चिखल चुकीचा होता."

हा अभिप्राय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लावणीच्या गुडघाभर लोण्यासारख्या चिखलात साधा गमबूट अडचणच करतो. म्हणून तिथे शतकानुशतके अनवाणी पायच चालत आला आहे, आणि त्या पायाला चिखल्या, भेगा, काटे हे ठरलेले. भेगांतून आणि खरचटलेल्या जागेतून लेप्टो या तापाचे जंतू शिरतात; उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून ते साचलेल्या पाण्यात आलेले असतात. गमबूट खरा उपयोगी पडतो तो वाफ्याच्या बाहेर: गोठ्यात, पाटाच्या कडेला, आणि पहाटे-संध्याकाळी मेरेवरून जाताना. सापाचे बहुतेक दंश पावलाला आणि घोट्याच्या आसपास होतात, आणि कोकणातले फुरसे उंच उडी मारून चावत नाही. हे सारे काका सांगतो, पण दोन बोटे झाल्यावर. तोवर ऐकणारा निघून गेलेला असतो.

निगेबद्दल त्याचे नियम थोडे आहेत. बूट पाण्याने धुवावेत, सावलीत उलटे टांगावेत; ऊन आणि चूल दोन्ही रबराला वाईट. चकाकीसाठी खोबरेल चोळू नये. आत ओल असेल तर वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. घालण्याआधी उलटा करून झाडावा. विंचवालाही कोरडी जागा आवडते.

काकाच्या पडवीत भिंतीला ठोकलेल्या खुंट्यांवर असे सात-आठ जोड उलटे टांगलेले आढळतात, प्रत्येकावर खडूने नंबर. ते त्याचे नव्हेत. गोठ्यात जाणाऱ्या गड्याला, रात्री मोटर बंद करायला निघालेल्या शेजाऱ्याला, गटार उपसायला आलेल्या माणसाला तो जोड काढून देतो. परत मागत नाही. परत आलेला धुऊन टांगतो. या माहितीनंतर काकांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनात करणे भाग आहे.

दोन बोटांचा उगमही याच पडवीत कळतो. काकांच्या लहानपणी पावसाळी बूट वाढत्या पायाचे घेत. पायापेक्षा तीन नंबर मोठे, पुढे कागदाचा बोळा. पहिल्या वर्षी ते शाळेच्या वाटेवर फटकफटक वाजत, दुसऱ्या वर्षी बोळा निघे, तिसऱ्या वर्षी ते नेमके पायात बसत आणि त्याच जूनमध्ये फाटत. मग पुढे त्यालाही होतील म्हणून धाकट्या भावाचे नाव निघे आणि पुन्हा तीन नंबर मोठे घेतले जात. दहावीपर्यंत पायात बरोबर बसलेला बूट काकांनी घातला तो फक्त फाटण्याआधीचे काही आठवडे. ते ही गोष्ट हसत सांगतात आणि सांगताना समोरच्याच्या टाचेकडे बघतात.

गेल्या हंगामात लावणीच्या बायकांतली एक दुकानात आली. बूट तिला वाफ्यात नको होते. अंधारात मेरेवरून घरी जायला हवे होते. दुकानातला सर्वांत लहान जोड सहा नंबरचा, तिचा पाय चार. काका वाकले, बोटे घातली. शेजारी-शेजारी दोन गेली, त्यांच्यावर आणखी दोन गेली. काका वाकलेलेच राहिले. विचारण्यासारखे काही नव्हते. कोकणात लावणी मुख्यतः बायका करतात आणि गमबूट बहुधा पुरुषांच्या मापाने येतात, ही गोष्ट इतक्या वर्षांत त्यांच्या बोटांना लागली नव्हती. "कागदाचो बोळो घालूया काय?" तिनेच विचारले. काका नाही म्हणाले, जरा मोठ्यानेच.

चार नंबर मुंबईहून मागवावा लागला. तो आला तेव्हा अर्धी लावणी उरकली होती. काकांनी बूट तिच्यासमोर ठेवला आणि या वेळी वाकले नाहीत; तिने स्वतःचीच दोन बोटे टाचेमागे घालून पाहिली.

सहा नंबरच्या आतला जोड हवा असल्यास दुकानात मेच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवावे.