पावसाचा घरजावई

"काकू, आभाळ बघा कसं भरून आलंय! कुरडया आत घ्या."

"काही होत नाही गं. आज नाही यायचा तो. भाचेजावयानं सकाळीच फोनवर सांगितलंय."

काकूंचे भाचेजावई पाषाणला, हवामानाच्या संस्थेत. काकू स्वतः शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे कुंपणापाशी उभं राहिलं की सुनांच्या बातम्या कमी आणि आकडेच जास्त. जुन्या नऊवारीवर चिकाच्या कुरडया पसरलेल्या होत्या. अजून ओल्याच, बोटाला चिकटणाऱ्या. माझाच जीव खालीवर होत होता.

"२०२५ साली कुठे गेले होते तुमचे जावई? मे महिन्यातच कोसळला की!"

"२४ मेला केरळात आला आणि २६ला मुंबई-पुण्यात. मुंबईत एरवी ११ जूनला येतो तो! पण पुढचं ऐकलंस का? इतका धावत आला आणि मग तिथेच अडून बसला. कृषी मंत्रालयाचं म्हणणं, हा वीसेक दिवसांचा मुक्काम त्यांच्या अंदाजात आधीच दिसला होता. १३ राज्यांत ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांच्या मोबाइलवर त्या वर्षी मान्सूनचे अंदाज गेले म्हणे."

सरकार स्वतःची पाठ स्वतः थोपटतं तेव्हा मी जरा नाक मुरडते. तसं मुरडलंही. "म्हणजे पाषाणच्या यंत्रानं सांगितलं?"

"तिथेच तर भानगड आहे!" काकूंनी आवाज खाली आणला आणि कोपर कुंपणावर टेकलं. "अंदाज काढणाऱ्यांची घराणी दोन आहेत. जुनं घराणं समीकरणांचं. हवेचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातला दाब, वारा, बाष्प घ्यायचं, न्यूटनचे नियम लावायचे आणि काही मिनिटांनंतर काय होईल ते काढायचं. मग त्याच्या पुढचं. रिचर्डसन नावाच्या इंग्रजानं पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवताना हे सगळं हातानं केलं. सहा तासांचा अंदाज. उत्तर काय आलं माहितेय? दाब १४५ मिलिबारनं वाढणार! प्रत्यक्षात तो जेमतेम हलला होता."

"अगंबाई! मग लपवलं असेल."

"छे, १९२२ साली पुस्तकात छापलं! म्हणून तर मला तो माणूस आवडतो. मग १९५०मध्ये अमेरिकेत हेच गणित एनिॲक संगणकावर बसवलं, तेव्हा चोवीस तासांच्या अंदाजाला जवळजवळ चोवीस तासच लागले."

"म्हणजे उद्याचा अंदाज उद्याच हातात!"

"हस तू. आता पाषाणला 'अर्क' नावाचा महासंगणक आहे. एकावर पंधरा शून्यं, त्याच्या पावणेबारा पट गणितं, एका सेकंदात. म्हणून तर मे २०२५मध्ये चौकोनाची बाजू बारा किलोमीटरवरून सहावर आणता आली."

"बारा काय आणि सहा काय!"

झालं. बाईंच्या वर्गात हे बोलायचं नसतं. "२६ जुलै २००५ विसरलीस? सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३! शहर एकच, पाऊस दोन. मोठा चौकोन दोघांची सरासरी काढून मोकळा होतो. पण बाजू अर्धी केली की चौकोन चौपट होतात, आणि वेळेची पावलंही लहान टाकावी लागतात. काम आठपट. फुकटात होत नाही ते."

"आणि दुसरं घराणं?"

"ते घराणं कसलं, घरजावई आहे तो! २०२३मध्ये गूगलच्या डीपमाइंडनं 'ग्राफकास्ट' आणला. त्याला समीकरणं येत नाहीत. १९७९ ते २०१७ पर्यंतचं जगभरचं हवामान घोकलंय नुसतं. पण दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत देतो, आणि बहुतेक मोजमापांत युरोपीय हवामान केंद्राच्या नावाजलेल्या प्रारूपाला मागे टाकलं त्यानं. केंद्रानंही मग फेब्रुवारी २०२५मध्ये स्वतःचं तसलंच एक रोजच्या कामाला लावलं."

"मग सासऱ्यांनी गाशा गुंडाळायचा?"

"गुंडाळून चालेल कसं? घोकलेलं आलं कुठून? भर समुद्रात, सहारात कोण बसलंय रोज पारा बघत? मधल्या सगळ्या रिकाम्या जागा जुन्या समीकरणांनीच तर भरल्यात. रोज सकाळी 'आत्ता हवा कशी आहे' हेही बहुतांशी तीच सांगतात. सासऱ्याच्या पगारावर राहायचं आणि गावभर सासऱ्यापेक्षा जास्त मिरवायचं!"

मला मात्र यात जावयाचा फारसा दोष दिसेना. मिनिटात काम उरकणारा माणूस कुठल्या घराला नको असतो? तसं म्हटल्यावर काकूही जरा नरमल्या.

"२०२४मध्ये 'न्यूरल जीसीएम' आलं, ते बरं वाटतं मला. मोठे वारे समीकरणांनी सोडवायचे आणि चौकोनात न मावणारे ढग तेवढे शिकलेल्या अकलेवर सोडायचे. शेतकऱ्यांच्या त्या संदेशांमागे हे होतं, युरोपवाल्यांचं होतं आणि आपल्या हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदीही होत्या."

"हे सगळं ठीक. आपल्या गल्लीत कधी पडणार, ते कोण सांगणार?"

"कुणीच नाही. ग्राफकास्टचा चौकोन सुमारे २८ किलोमीटरचा. कुलाबा आणि सांताक्रूझ दोन्ही एकात मावतील. त्यातून सरासरी चूक कमी व्हावी म्हणून शिकवलेला, म्हणजे टोकाचं बोलायला कचरणारा. ९४४ म्हणायची छाती नाही त्याची. आणि सहा किलोमीटरमध्येही एकटादुकटा ढग हरवतोच. मोबाइलवर 'साठ टक्के पाऊस' दिसला की तू छत्री शोधत बसतेस ना? त्यापेक्षा हवामान खात्याच्या साइटवर रडारचं चित्र असतं, ते उघड. ढग आत्ता कुठे आहे आणि कुठल्या बाजूला सरकतोय ते दिसतं, पैसे पडत नाहीत. पुढच्या तासा-दोन तासांसाठी त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पोरं शाळेतून सुटायच्या आधी तेवढं बघत जा."