सामना चार वाजता, साधारण

फुटबॉलचा शौक आहे म्हटलं की आमच्या शहरात पहिला प्रश्न येतो, "कोण? मेस्सी की रोनाल्डो?" मी आमच्या संघाचं नाव सांगतो. समोरचा जरा थांबतो आणि सहानुभूतीनं विचारतो, "मुलगा खेळतो का त्यात?" त्यात माझं कोणीही खेळत नाही. मुलगा नाही, पुतण्या नाही, वरच्या मजल्यावरचा भाडेकरूसुद्धा नाही. काही नातं नसताना एक प्रौढ, नोकरदार माणूस रविवारी आमखास मैदानावर उभा राहून पोरांसाठी घसा बसवतो, हे लोकांच्या पचनी पडत नाही. लिव्हरपूलसाठी बसवला असता तर पडलं असतं. तिथे माझी आत्या राहते का, असं कोणी विचारलं नसतं.

संघाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. दिलं तर उद्या पावतीपुस्तक घेऊन दारात येतील.

आमखास मैदान जामा मशिदीपाशी, किल्लेअर्कच्या जुन्या परिसरात आहे. एके काळी इथे दरबार भरायचा. आता रविवारी एकाच वेळी टेनिस बॉलचे चार-पाच क्रिकेट सामने, एक अ‍ॅक्टिव्हा शिकणारी मुलगी, तिच्यामागे पळणारे तिचे वडील आणि उरलेल्या जागेत आमचा फुटबॉल असा कार्यक्रम असतो. शेजारच्या सामन्याचा थर्डमॅन आमच्या गोलकीपरला लागूनच उभा राहतो. दोघांची आता चांगली ओळख झाली आहे. चेंडू दुसऱ्या टोकाला असला की दोघं बोलत बसतात, आणि तो परत येतो तेव्हा आमच्या कीपरचं वाक्य अर्धं राहिलेलं असतं. आमच्यावर झालेले बरेच गोल या मैत्रीतून झाले आहेत. मैदानावर सभाही होतात. सभा संपते, मंडप जातो, खांबांचे खड्डे राहतात. आमचा लेफ्ट विंगर दोन निवडणुकांपासून उजवीकडून खेळतो.

सामन्याची वेळ चार. ही वेळ पत्रिकेवर छापलेली असते, त्यामुळे तिला काही अर्थ नसतो. चारला मी येतो आणि फक्की मारणारा येतो. तो पांढऱ्या भुकटीची रेघ ओढत निघतो आणि मध्ये लावलेल्या मोटारसायकलींना सभ्यपणे वळसा घालतो. त्यामुळे आमच्या पेनल्टी एरियाचा आकार दर आठवड्याला निराळा असतो. साडेचारला जाळी येते. जाळी एकच असल्यामुळे हाफ टाइमला ती सोडून दुसऱ्या गोलला बांधतात. ज्या बाजूला जाळी नाही तिकडे गोल झाला, की चेंडू बाहेरून गेला की आतून यावर चर्चा होते. ती सहसा सामन्यापेक्षा दर्जेदार असते.

पाचला पाहुणे येतात. सगळे खेळाडू रांगेत उभे, पाहुणे प्रत्येकाशी हस्तांदोलन करणार, हार, शाल, नारळ, मनोगत. मनोगतात पाहुणे सांगतात की खेळानं शरीर सुदृढ राहतं. तोवर पोरांची वॉर्म-अप केलेली शरीरं पुन्हा थंड झालेली असतात. मग पाहुणे फोटोसाठी चेंडूला लाथ मारतात, एकदा नाही जमत, दुसऱ्यांदा मारतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते ती या लाथेची. व्यासपीठावर कोण कोण होते, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळं असतं. निकाल नसतो. मी एकदा फोन करून विचारलं. "जागा कमी होती," असं उत्तर मिळालं. 2-0 या निकालाला किती जागा लागते, हे विचारायचं राहून गेलं.

डिसेंबरात सहाच्या आधीच सूर्य मावळतो. म्हणजे पहिला हाफ संपता संपता उजेड जातो. मगरिबच्या अजानला खेळ थांबतो, ते योग्यच आहे. पुन्हा सुरू होतो तेव्हा चेंडू फक्त आवाजावरून कळतो. चॅम्पियन्स लीग पाहण्यासाठी आमच्या गल्लीतली पोरं मध्यरात्रीनंतर जागतात आणि त्यांना लांबच्या स्टँडमधल्या माणसाच्या नाकातला केससुद्धा दिसतो. मला संध्याकाळी सव्वासहाला, वीस फुटांवर, आमचा गोल कोणी केला ते दिसत नाही. "किसने मारा रे?" असं विचारलं तर अंधारातून तीन जण म्हणतात, "मैंने."

हे सगळं मी सहन करतो. खरा त्रास पाण्याचा आहे.

आमच्या शहराला पाणी जायकवाडीहून येतं. तिथला नाथसागर जलाशय भरला की दरवाजे उघडल्याचे फोटो छापून येतात, लोक सहकुटुंब बघायला जातात. नळाला मात्र पाणी कित्येक दिवसांनी येतं, काही भागांत त्याहूनही उशिरा. कुठल्या भागाला कुठल्या दिवशी, यावर आमचा संघ ठरतो. प्रशिक्षकाच्या वहीत खेळाडूंच्या नावांपुढे पोझिशन नसते, पाण्याचा वार असतो. सिडकोत पाणी असेल तर बचाव ढासळतो. किराडपुऱ्यात असेल तर फॉरवर्ड लाइन येत नाही. दोन्हीकडे एकाच दिवशी आलं तर आम्ही पुढे चाल देतो.

एका उपांत्य सामन्यात 1-1 अशी बरोबरी होती. कॉर्नर आमचा. आमचा उंच स्टॉपर हेडरसाठी वर गेलेला, मी श्वास रोखलेला, आणि त्याचा धाकटा भाऊ सायकल दामटत थेट मैदानात शिरला. "भाई, पानी छूटा! मोटर चालूच नै हो री!" स्टॉपर कॉर्नर होईपर्यंतही थांबला नाही. त्याच सायकलवर डबलसीट बसून गेला. पंचानं कप्तानाला विचारलं, "दुखापत?" कप्तान म्हणाला, "पाणी." पंच इथलाच असल्यामुळे त्यानं मान हलवून तेवढा वेळ घड्याळात वाढवून दिला. एवढ्यात समोरच्या संघाच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते त्याच गल्लीतले होते. पुढचा खेळ नऊ विरुद्ध दहा असा झाला, आणि आम्ही दहा असूनही हरलो.

1,680 कोटींच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं. पुढे हा आकडा 2,740 कोटींवर गेला. भारतीय फुटबॉलवर इतका मोठा खर्च दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही. ती योजना पूर्ण झाली की आमची बॅकलाइन शेवटच्या शिट्टीपर्यंत टिकेल.

जर्सीबद्दल थोडंसंच. छातीवर एका कोचिंग क्लासची जाहिरात आहे आणि तिच्याखाली ‘प्रवेश सुरू’. गोल खाल्ला की पोरं मान खाली घालतात आणि तेच वाचतात. 24 फेब्रुवारी 2023 ला केंद्रानं शहराच्या नव्या नावाला मंजुरी दिली तेव्हा जुन्या नावाच्या जर्सींचा गठ्ठा संपला नव्हता. काही दिवस आमचा कीपर एका शहरातर्फे आणि बॅक दुसऱ्या शहरातर्फे खेळले. जिल्ह्याबाहेरून आलेल्या एका पंचानं दोन संघ मिसळलेत म्हणून सामना थांबवला होता.

कोल्हापूरचा विषय निघाला की मी गप्प बसतो. तिथे शाहू स्टेडियम आहे, 1940 पासूनची कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आहे, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमी आहेत. माणूस जन्मतो तो तालमीचं नाव घेऊनच. समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे तिथे पोलीस बंदोबस्त लागतो, सामने थांबतात, पेपरात अग्रलेख येतात. हुल्लडबाजी वाईटच. पण आमच्या सामन्याला आजवर एक होमगार्डसुद्धा लागलेला नाही, हे मनाला लागतं. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याच विश्वचषकाआधी, 15 सप्टेंबर 2017 ला, राज्यभर दहा लाख मुलांनी एका दिवसात फुटबॉल खेळायचा उपक्रम झाला आणि शाळांना फुटबॉल वाटले गेले. आमच्या ओळखीच्या एका शाळेनं तो चेंडू जपून ठेवला आहे. मुख्याध्यापकांच्या कपाटात, काचेआड. खेळायला दिला तर खराब होईल, असं ते म्हणतात. आमचा स्वतःचा चेंडू कपाटात ठेवण्याच्या लायकीचा नसल्यामुळे त्याच्याशी खेळता येतं.

मोठ्या शहरांतल्या संघांचं पाठीराखेपण सोपं आहे, असंही नाही. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. मुंबई एफसी गेला, पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स गेला, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गेला. मालकानं हिशेब केला की संघ जातो आणि पाठीराख्याच्या हातात मफलर राहतो. आमच्या संघाला मालकच नाही, त्यामुळे तो बंद कोण करणार? आमच्याकडे हिशेबही नाही. खजिनदार आहे, पण त्याचं पाणी बुधवारी असतं.

गेल्या डिसेंबरात मेस्सी भारतात येऊन गेला. कोलकात्यात तो लवकर निघून गेला म्हणून लोकांनी खुर्च्या फेकल्या. मुंबईत वानखेडेवर सचिनची भेट झाली. राज्याच्या ‘महादेवा’ प्रकल्पाचाही गाजावाजा झाला, त्यातून लहान मुलामुलींना फुटबॉलमध्ये पुढे आणायचं आहे. आमच्या ऑफिसातला एक जण मेस्सीला बघायला मुंबईला गेला होता. तिकीट, हॉटेल, येण्या-जाण्याचा खर्च, वर दोन दिवसांची रजा. परत येऊन सांगू लागला की एवढ्या लांबून दिसला की मोबाईल झूम करावा लागला आणि त्यानं खेळ असा काही खेळलाच नाही. मी त्याला म्हटलं, रविवारी आमखासला ये. तिकीट नाही, खेळाडू हात लावता येईल इतके जवळ असतात, पाणी नसेल तर खेळतातही. तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "पार्किंग आहे का?"

आहे म्हटलं. पेनल्टी एरियात.