केगची तारीख फळ्यावर लिहा

शिळी हेझी आयपीए ताजी म्हणून विकणाऱ्या पुण्यातल्या टॅपरूममालकास,

थेट आरोपावर येतो.

तुमच्या बारमागच्या फळ्यावर खडूनं फार सुरेख अक्षरात लिहिलेलं असतं. बिअरचं नाव, सिट्रा आणि मोझॅक ही हॉपची (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांची) नावं, अल्कोहोल किती टक्के, पाइंटची किंमत. शेजारी आंबा, पेरू आणि संत्र्याची चित्रंही आहेत. बिअरचा केग (पिंप) कधी भरला ती तारीख मात्र कुठेच नाही. हेझी आयपीए मागवणाऱ्याला सगळ्यात आधी कळायला हवी ती हीच गोष्ट. या धंद्यात मुरलेल्या माणसाला ती ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. ठाऊक असून तुम्ही ती लपवता.

माझ्यापुढे ठेवलेल्या ग्लासातली बिअर पिवळी उरली नव्हती. रंग मातकट नारिंगी आणि त्यावर करडी झाक. फेस टेबलावर येईपर्यंत विरला होता. नाक जवळ नेलं तर फळांचा मागमूस नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि त्यामागे मधासारखा चिकट गोडवा. मी ग्लास परत केला. तुम्ही स्वतः टेबलाशी आलात आणि तीन उत्तरं दिलीत. “सर, हेझी गढूळच असते.” “आयपीए खराब होत नाही, ती तर जहाजातून इंग्लंडहून इथे यायची.” “शेवटी चव ज्याची त्याची.” शेजारच्या टेबलावरची मुलं ते ऐकून मान डोलावत होती. तुम्ही त्यांना चुकीचं शिकवलंत, म्हणून मी हे उत्तर चारचौघांत देतो आहे.

आधी गढूळपणाचं बघू. अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यात वॉटरबरी नावाचं लहानसं गाव आहे. तिथे जॉन आणि जेन किमिच यांनी 2003 मध्ये ‘द अल्केमिस्ट’ हा ब्रूपब सुरू केला आणि पुढच्याच वर्षी ‘हेडी टॉपर’ ही बिअर नळावर चढवली. तोवर चांगली आयपीए म्हणजे आरपार दिसणारी आणि जिभेला चिमटा काढणारी कडू बिअर, असा सर्वसाधारण समज होता. किमिच यांनी आपली बिअर गाळली नाही, कारण गाळताना हॉपच्या सुगंधाचाही काही भाग निघून जातो. त्यांना सुगंध हवा होता, धूसरपणा त्याच्या मागोमाग आला. 2011 च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो ब्रूपब बुडाला. पण हेडी टॉपर त्याच सुमारास कॅनमध्ये भरली जाऊ लागली होती आणि पुढे तिच्यासाठी लोक दुरून गाड्या घेऊन येऊ लागले. मॅसॅच्युसेट्समधल्या ‘ट्री हाउस’ आणि ‘ट्रिलियम’ या ब्रुअरींनी हीच वाट आणखी रसाळ, आणखी मऊ केली. 2018 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशननं या बिअरला स्पर्धेत स्वतंत्र वर्ग दिला.

हा धूसरपणा येतो कुठून, तेही सांगतो. माल्टच्या जोडीला ओट आणि गहू भरपूर घातले जातात. त्यांतली प्रथिनं हॉपमधल्या पॉलिफेनॉलशी बांधली जातात आणि त्यांचे अतिसूक्ष्म कण बिअरमध्ये तरंगत राहतात. प्रकाश त्यांच्यावर विखुरतो, म्हणून ताजी हेझी आतून उजळल्यासारखी दिसते. तुमच्या ग्लासात दिसत होता तो प्रकार वेगळा. तळाशी बसू पाहणारं यीस्ट, हॉपचा चोथा, हवेनं काळवंडलेला रंग, यांतल्या कशालाही हेझी म्हणत नाहीत. बिअर परीक्षकांची बीजेसीपी ही संस्था जगभरच्या स्पर्धांना नियमावली पुरवते. तिच्या 2021 च्या आवृत्तीत हेझी आयपीएचं वर्णन स्पष्ट आहे. बिअर धूसर, अगदी अपारदर्शकही चालेल, पण गढूळ नको. यीस्टचे गोळे किंवा हॉपचे कण तरंगताना दिसले तर तो दोष. फेस पांढरा, दाट आणि टिकणारा हवा.

याच संस्थेच्या गुणपत्रिकेवर एकूण गुण 50 असतात. सुगंधाला 12, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5, एकूण परिणामाला 10 आणि दिसण्याला फक्त 3. तुम्ही ज्या एका गुणावर बिअर विकता, गिऱ्हाइकाला गप्प करता आणि दोष झाकता, त्याला पन्नासातले तीन गुण आहेत. त्या तिनांतही रंग आणि फेस वाटेकरी आहेत. उरलेल्या सत्तेचाळिसांचं काय, हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

आता जहाजाची, म्हणजे आयपीएची, ‘इंडिया पेल एल’ची गोष्ट. तिच्यात मुंबई आणि कोलकात्याचं नाव येतं, त्यामुळे ती ऐकून आपली छाती फुगते आणि तुम्ही नेमका त्याचाच फायदा घेता. लंडनच्या बो ब्रुअरीच्या हॉजसननं अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना बिअर पुरवली. 1820 च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंटचा ऑलसॉप या व्यापारात उतरला. सुएझ कालवा 1869 चा. त्याआधी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत आणि प्रवासाला चार ते सहा महिने लागत. त्या बिअरमध्ये हॉप भरपूर होते, साखर जवळजवळ सगळी आंबवून संपवलेली होती आणि कडूपणा टणक होता. लाकडी पिंपांतल्या त्या दीर्घ मुक्कामात ती मुरत असे. तिच्या रचनेतच टिकाऊपणा होता.

हेझीची रचना अगदी उलटी. तिच्यात हॉपचा मोठा वाटा उकळून झाल्यावर किंवा आंबवण्याच्या टाकीत घालतात. लिटरमागे दहा ग्रॅमहून जास्त हॉप अशा रीतीनं सुके घालणं या प्रकारात नेहमीचं आहे. हॉप उकळले नाहीत की कडूपणा कमी उतरतो आणि मर्सीन, लिनालूल, जिरॅनिऑल असे उडून जाणारे सुगंध शिल्लक राहतात. पेरू आणि पॅशनफ्रूटचा वास देणारी थायॉल संयुगं तर लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला कळतात. प्राणवायू शिरला की हे सगळं मोडायला लागतं. ओट आणि भरपूर हॉप यांच्यामुळे मँगनीजसारखे धातूही बिअरमध्ये जास्त उतरतात आणि ते ही मोडतोड आणखी वेगानं घडवतात. उष्णतेचंही तसंच: तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळ मानानं दुप्पट-तिप्पट होतो. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि तुमचे भरलेले केग मागच्या पत्र्याच्या शेडखाली उभे असतात. पार्किंगमधून येता-जाता ते कुणालाही दिसतात. जहाजातून सहा महिने आलेल्या बिअरचा दाखला या बिअरला लागू नाही. थंडीत ठेवली तरी हिचं आयुष्य आठवड्यांत मोजायचं असतं.

आणि “चव ज्याची त्याची” हे तिसरं उत्तर. आवड ज्याची त्याची, हे मला मान्य आहे. एखाद्याला सिट्राचा लिंबूवर्गी वास आवडेल, दुसऱ्याला गॅलेक्सीचा पॅशनफ्रूट, तिसऱ्याला हेझी मुळीच आवडणार नाही. परीक्षकही आपली आवड बाजूला ठेवायला शिकतो. पण दोष हा आवडीचा भाग नाही. ओल्या पुठ्ठ्याच्या वासामागे ट्रान्स-2-नोनेनल नावाचं संयुग असतं आणि ते शिळेपणाची खूण मानलं जातं. लोण्याचा वास आला तर डायअसिटिल. ते कधी सुक्या हॉपमुळे पुन्हा सुरू झालेल्या आंबण्यातून येतं, कधी न धुतलेल्या नळीतून. व्हिनेगरचा आंबटपणा आला तर नळीत जिवाणूंनी घर केलं आहे. घशाशी खडूसारखं खरखरलं आणि जळजळलं तर हॉपचे कण खाली बसू न देताच बिअर भरली गेली आहे. कुठलाही शिकलेला परीक्षक, पुण्यातला असो की बॉस्टनमधला, हे दोष याच नावांनी ओळखेल. “ज्याची त्याची” म्हणून तुम्ही ती नावं घ्यायचं टाळता.

तुमच्या टेबलांवर बसणाऱ्यांना हे तपासता यावं, म्हणून चाखायची रीतही इथेच लिहून ठेवतो. ग्लास स्वच्छ हवा, बर्फात थिजवलेला नको. फार गार बिअरचा सुगंध कळत नाही. सात-आठ अंशांच्या आसपास ती बोलू लागते. ग्लास आला की आधी वास घ्या, कारण सगळ्यात नाजूक सुगंध सुरुवातीच्या क्षणांतच उडतात. तळवा ग्लासावर ठेवून बिअर हलकेच फिरवा आणि पुन्हा वास घ्या. पिकलेला आंबा, पीच, संत्र्याची साल, अननस, ओलं गवत असं काही ठळक जाणवलं पाहिजे. मग उजेडाकडे धरून रंग बघा: गवती पिवळ्यापासून फिक्या नारिंगीपर्यंत, पण तेजाळ. घोट घेतल्यावर तो तोंडभर फिरवून गिळा. बिअरचा परीक्षक वाइनच्या परीक्षकासारखा थुंकत नाही, कारण कडूपणाचा शेवट गिळल्यानंतरच पुरता कळतो. स्पर्श मऊ हवा, पण चिकट किंवा पिठूळ नको. कडूपणा मागे असावा आणि घोट गेल्यावर जीभ कोरडी-स्वच्छ वाटावी. त्यानंतरही फळाची चव रेंगाळली तर ब्रुअरला साधलं म्हणायचं.

तुमचा सगळ्यात मोठा अपराध त्या ब्रुअरच्या बाबतीत आहे. 2009 मध्ये पुण्यात डूलालीनं मायक्रोब्रुअरी सुरू केली तेव्हा या शहरातल्या बहुतेकांना बिअर म्हणजे थंडगार लागर एवढंच माहीत होतं. तिथून इथवर यायला किती जणांनी किती खपून काम केलंय, ते या शहरानं पाहिलं आहे. आपल्याकडे हॉपची शेती हिमाचलमधल्या लाहौलसारख्या थोड्या भागांत होते, पण हेझीला लागणारे सिट्रा आणि मोझॅक अमेरिकेतून मागवावे लागतात. त्यांची किंमत मोजून, आयातीची कागदपत्रं पुरी करून, टाकीत आणि केगमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर काढत, मापून-जोखून कुणीतरी ती बिअर तुमच्या दारापर्यंत आणतं. त्यांच्या मेहनतीत काही उणं असेल तर परीक्षकानं ते सांगावं. पण केग तुमच्या ताब्यात आल्यावर जे होतं ते तुमचं. आणि त्याबद्दल नावं ठेवली जातात ती ब्रुअरला. तुमच्याकडे पहिल्यांदा हेझी पिणारी मुलगी ओल्या पुठ्ठ्याची चव घेऊन घरी जाते आणि या बिअरवर कायमची फुली मारते. ते गिऱ्हाईक तुम्ही एकट्यानं गमावत नाही, आख्ख्या पुण्याचं गमावता.

मालवणच्या बाजारातली कोळीण गिऱ्हाइकाला माशाचा कल्ला उचलून दाखवते, कारण तिला आपल्या मालाबद्दल खात्री असते. तुमच्या मालाचा कल्ला म्हणजे केगची तारीख. ती दाखवायला तुम्ही का कचरता, याचं उत्तर तुम्ही मला देऊ नका, गिऱ्हाइकांना द्या.

मागण्या साध्या आहेत. हेझीच्या नावाखाली केग भरल्याची तारीख खडूनं लिहा. केग ब्रुअरीतून निघाल्यापासून नळाला लागेपर्यंत थंड ठेवा. शेडखाली एक दिवसही नको. नळ्या निदान दर दोन आठवड्यांनी धुवा, कारण बिअरच्या धंद्यात हाच दंडक आहे. पाइंट मागवण्याआधी दोन घोट चाखायला द्या. आणि एखाद्यानं ग्लास परत केला तर “हेझी अशीच असते” असं सांगायच्या आधी स्वतः वास घ्या. केग शिळा निघाला तर तो मोरीत ओता. त्यात तुमचं नुकसान होईल, हे मला कळतं. म्हणूनच पुढच्या वेळी मोठा केग न मागवता छोटा मागवा आणि तो वेळेत संपवा. हेझी विकायची तर एवढी शिस्त पाळावीच लागते.

हे जमत नसेल तर फळ्यावरून हेझी पुसून टाका. चांगली, स्वच्छ लागर ठेवा, स्टाउट ठेवा. त्याही जपाव्या लागतात, पण हेझीइतक्या नाजूक नसतात. त्यात कमीपणा नाही. हेझी त्यांना विकू द्या, जे तिच्या आयुष्याचे दिवस मोजतात.

आपला,
ग्लास परत करणारं एक गिऱ्हाईक